पहिली जागा रिकामी

मुलाणी सरांच्या कुठल्याही क्रमवारीत पहिला नंबर नसायचा. ते मोजायला सुरुवातच दोनपासून करत. वरवंडच्या स्टँडवर भेळ कुणाची चांगली, असं विचारलं तर दुसरा नंबर अमक्याचा, तिसरा तमक्याचा, आणि बाकीचे “चुरमुरे भिजवून विकत्यात” एवढ्यात संपायचे. ज्यांच्या हाताखाली नोकरी केली त्या हेडमास्तरांचा विषय निघाला की सर थेट पाचव्या नंबरापासून सुरू करत. पहिले चार कोण, असं विचारलं तर म्हणत, “अजून जन्माला यायचेत.” हे सांगताना पाचवे हेडमास्तर समोरच चहा पीत बसलेले असत.

इस्माईल मुलाणी आमच्या शाळेत पी.टी. शिकवत. शाळेचं नाव मी घेत नाही, संस्थेचंही नाही. दोन्ही अजून चालू आहेत आणि माझी पेन्शनही चालू आहे. मी भूगोल शिकवायचो, म्हणून सर मला ‘भूगोल’ म्हणायचे. “काय भूगोल, आज कुठला देश बुडवला?” हा त्यांचा सकाळचा नमस्कार. माणूस उंच, वाळकुडा, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. “ज्याला आवाज न्हाई त्यानं शिट्टी वाजवावी,” असं त्यांचं मत होतं. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून ते साध्या आवाजात “शर्ट खोच” म्हणत आणि दुसऱ्या टोकाची सगळीच पोरं शर्ट खोचायला लागत.

हाच आवाज रविवारी शर्यतीच्या मैदानावर असायचा. सर छकड्यांच्या शर्यतीचे निवेदक होते. दौंड तालुक्यात ज्या माळावर छकड्या पळतील तिथं मुलाणी सर माइकवर, हे ठरलेलं. नव्वदच्या दशकात शर्यतीच्या पत्रकावर खाली त्यांचं नाव नसलं तर लोक विचारत, मग मैदान कशाला भरवताय?

सर मूळचे शिरूरकडचे, कवठे येमाईचे. त्यांच्या गावची शर्यत वेगळी, घाटातली. तिथं चढावर चार बैलांचा गाडा पळतो, पुढं घोडी धावते आणि गाड्यावर माणूस नसतो. इकडं मात्र सपाट माळावर शेजारीशेजारी चाकोऱ्या आखतात, प्रत्येक चाकोरीत दोन बैलांची हलकी छकडी आणि छकडीवर एक ड्रायव्हर. हो, ड्रायव्हरच म्हणतात त्याला. “आमच्याकडं जिंकलं तर बैल जिंकला आन् हारलं तरी बैलच हारला,” सर सांगत. “हितं नोकरीला आलो आन् पहिल्यांदा बघितलं, बैल चांगले आसून माणसापायी हारत्यात. तवापासून मला बैलांत गोडी ऱ्हायली न्हाई. मी माणूस बघाय लागलो.”

मैदानावर जाताना सरांच्या खिशात गूळ-मिरी असायची आणि एक धुतलेला पांढरा रुमाल. माइक हातात आला की आधी त्याच्यावर रुमाल बांधायचा. “आधीच्यानं काय काय बोलून ठेवलं आसंल त्यात, सांगता येत न्हाई,” म्हणायचे. रुमाल बांधला की माणूस बदलायचा. स्टाफरूममधलं हाय-न्हाई गळून पडायचं आणि शुद्ध, छापील मराठी सुरू व्हायचं. “चाकोरी क्रमांक तीनमध्ये पाटसकरांची जोडी सज्ज आहे. प्रेक्षकांनी कृपया दोरीच्या मागे राहावे. दोरी आपल्यासाठी आहे, बैलांना ती वाचता येत नाही.” लोक हसत आणि मागंही सरकत.

एकदा एक तरणा ड्रायव्हर गटातली फेरी जिंकून आला. मुठीत काहीतरी दाबून धरलेलं. मालकानं त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला. सर माइकवरून शांतपणे म्हणाले, “विजेत्या ड्रायव्हरने उजवी मूठ उघडून प्रेक्षकांना अभिवादन करावे.” पोरगं घुटमळलं. सरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. शेवटी मालकानंच त्याला खाली उतरवलं आणि मूठ उघडली, त्यात बैलाला टोचायचा, खिळा ठोकलेला लाकडाचा तुकडा. सर म्हणाले, “धन्यवाद. चाकोरी क्रमांक दोन बाद.” त्या मालकाची माणसं संध्याकाळी सरांना शोधत आली होती. सर त्यांच्याबरोबर उसाचा रस प्यायले आणि त्यांनाच ऐकवून आले की तुमच्या बैलाला ह्यापेक्षा बरा ड्रायव्हर मिळायला हवा, बैल तीन नंबरचा हाय.

माइकवर एक रिवाज होता आणि सर तो पाळत. छकडी मालकाच्या नावानं पुकारायची. छकडी सुटली की मालकाचं नाव, निकाल लागला की मालकाचं नाव, ढाल मालकाला. ड्रायव्हरचं नाव पत्रकावर नसे, माइकवरही नसे. फार तर “आबांच्या गाडीवरचा गडी”. त्यामुळं जुन्या ड्रायव्हरांत थोर कोण, हा वाद मिटायला काही साधनच नव्हतं. ढालींवर बघावं तर सगळी मालकांची नावं.

म्हणूनच तो वाद मधल्या सुट्टीत सरांपुढं यायचा. आमचा क्लार्क शर्यतीचा नादी. त्याचं म्हणणं, आताचे ड्रायव्हर जुन्यांपेक्षा सरस, कारण आताची छकडी केवढी जोरात पळते. सर डबा खाता खाता म्हणाले, “आताच्या चाकाला बेअरिंग हाय. माळावर ट्रॅक्टर फिरवून रोलर मारलेला आसतोय. तवाच्या चाकाला लोखंडी धाव, आन् माळ म्हंजी नुसते दगडं. तुझा आताचा ड्रायव्हर त्या छकडीवर बसव. कंबर धरून घरी जाईल.”

“मग जुनेच थोर म्हणा की,” क्लार्क म्हणाला.

“तसं बी न्हाई. जुन्यांत बी निम्मे बैलामागं ठेवलेली वजनं व्हती. हे बघ, ज्याला त्याला त्याच्या धुळीत मोजायचा. त्याच्या काळच्या छकडीवर, त्याच्या काळच्या माळावर. आन् निशाणापातूर मोजायचा न्हाई. निशाणाच्या पुढं मोजायचा.”

हे त्यांचं खास माप होतं. सगळं जग बघायचं की निशाण आधी कुणी ओलांडलं. सर बघायचे त्यानंतर काय झालं. निशाणाच्या पुढं गर्दी उभी असते, बैल तापलेले असतात आणि ते काही निशाण बघून थांबत नाहीत. “पळवणं बैलाचं काम. थांबवणं ड्रायव्हरचं,” असं ते म्हणत. ह्या मापानं त्यांनी दुसरा नंबर दिला होता रावबाला. हा रावबा कुरकुंभकडचा, आवाज न करता बैल आवरायचा. तिसरा तुळशीराम, तो नव्या काळातला, पण त्याला सर जुन्या धुळीतही तिसराच धरत. चौथ्या नंबरावर दोघंतिघं भांडत असायचे.

“आन् पहिला?” क्लार्क दर वेळी विचारायचा.

“पहिली जागा रिकामी.”

मला वाटायचं, हा भेळेसारखाच प्रकार. माणसाला कुणाचंच पूर्ण कौतुक करवत नाही, एवढंच. तसं नव्हतं. ते मला खुटबावच्या रस्त्यावर कळलं. माझ्या स्कूटरवर आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. वस्तीपाशी रस्त्याकडेला एक म्हातारा कांद्याच्या पिशव्या शिवत बसला होता. सरांनी मला स्कूटर थांबवायला लावली, उतरले आणि त्याला वाकून नमस्कार केला. मुलाणी सर वाकल्याचं मी तोवर बघितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं दाभण न थांबवता विचारलं, “बरं हाय का सर?” सर म्हणाले, “बरं हाय.” झालं, एवढंच. पुढं आल्यावर मी विचारलं, कोण?

“किसन सोनवणे. रिकामी जागा.”

मग वरवंड येईपर्यंत सर माझ्या खांद्यामागून बोलत राहिले. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे वडील, त्यांना सगळे थोरले आबा म्हणत, ते त्या काळातले सगळ्यांत मोठे बैलमालक. त्यांच्या जोडीवर वर्षानुवर्षं ड्रायव्हर होता किसन. जिंकलेल्या जोडीची गुलाल उधळत मिरवणूक निघायची आणि ड्रायव्हरनं छकडीवर बसून कासरा धरून गावात जायचं, असा मान होता. किसन बौद्ध वस्तीतला. मिरवणूक वेशीपाशी आली की किसनला खाली उतरवत, कासरा थोरले आबा हातात घेत आणि वेशीच्या आत आबा छकडीवर बसून जात. बायका आबांना ओवाळत. “गावानं काय बघितलं? आबा छकडीवर बसल्यालं. मग गाव काय म्हणणार? आबांनी मारली. माळावर गेलेली माणसं मरून गेली, वेशीत उभी ऱ्हायलेल्यांची पोरं आता म्हणत्यात, थोरले आबा ड्रायव्हर लई मोठे.”

“बसत होते का पण कधी आबा शर्यतीत?”

“बसायचे की, तरणे व्हते तवा. सातवा-आठवा नंबर देतो मी त्यांना. तो बी बैल सोताचे व्हते म्हणून. दुसऱ्या कुणी बसिवलं नसतं.”

आणि मग त्यांनी गारेगारवाल्याची हकीगत सांगितली. फायनलची फेरी, आबांची जोडी पुढं, निशाण जवळ. दोरीपाशी उभा असलेला गारेगारवाल्याचा हातगाडा गर्दीच्या रेट्यानं सुटला आणि चाकोरीत येऊन आडवा झाला. गारेगारवाला त्याच्यामागं धावला. किसननं तापलेली जोडी शेजारच्या रिकाम्या चाकोरीत घेतली. सर म्हणाले, त्या वेगात जोडी वळत नाही, उलटते. ती उलटली नाही, गारेगारवालाही वाचला. पण चाकोरी सोडली म्हणून बाद झाली. थोरले आबा मैदानात आले आणि त्यांनी किसनच्या हातातला चाबूक काढून घेऊन सगळ्यांदेखत तो किसनच्याच पाठीवर ओढला. सर तेव्हा नुकतेच निवेदनाला लागले होते, माइक त्यांच्या हातात होता. “मी काय बोललो ठाऊक हाय का? चाकोरी क्रमांक चार बाद. बस. तेवढंच बोलायचं आसतंय म्हणून तेवढंच बोललो.” किसन त्यानंतर छकडीवर बसला नाही.

“मग स्टाफरूममध्ये नाव का घेत नाही?”

“स्टाफरूमात घेतलं तर ती चहाडी झाली. ते नाव माइकवर घ्यायचंय. येष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात का न्हाई? तशी धरलीय मी. रिकामी न्हाई ती.”

ही रुमाल टाकून धरलेली जागा बरीच वर्षं तशीच राहिली, आणि मग खरोखरच बोलावणं आलं. संस्थेनं थोरल्या आबांच्या स्मरणार्थ मोठं मैदान भरवायचं ठरवलं. शर्यती झाल्यावर ‘मैदानाचा राजा’ म्हणून आजवरच्या सगळ्या ड्रायव्हरांतला जो श्रेष्ठ, त्याचा मानाचा फेटा बांधून सत्कार, आणि तो श्रेष्ठ निवडायचा मुलाणी सरांनी. पत्रकावर तसं छापलं. मी सरांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी स्टँडवरच्या एका भेळेला पहिला नंबर देऊन टाकला.

मला घेऊन ते खुटबावला गेले. किसनभाऊंचं घर दोन खोल्यांचं, ओट्यावर कांदा पसरलेला. लेक दौंडला दवाखान्यात नर्स होती, ती सुट्टीवर आलेली. सरांनी येण्याचं कारण सांगितलं. किसनभाऊ बराच वेळ कांद्याची सालं चिवडत बसले. लेकीनंच चहा आणून ठेवला आणि म्हणाली, “आण्णा, सर काय म्हणत्यात?”

“ऐकलं की,” किसनभाऊ म्हणाले. मग सरांकडं वळून, “फेटा-बिटा ऱ्हाऊ द्या सर. म्या काय लग्नातला न्हाई. पर एक करा. नाव घ्याल तवा पुरं घ्या. बापासकट. माइकवर म्या नुसता आबांचा गडी व्हतो. बाप ऐकायला यायचा माझा, मागं लांब बाभळीखाली उभा ऱ्हायचा. आन् म्हणायचा, तुझं नाव कवा घेणार रं ते?”

“पुरं घेतो,” सर म्हणाले. “किसन धोंडिबा सोनवणे, खुटबाव.”

“व्हय. आसंच,” किसनभाऊ म्हणाले.

परतीच्या वाटेवर सर सारखे ते नाव माइकच्या आवाजात म्हणून बघत होते. कधी ‘किसन’वर जोर, कधी ‘धोंडिबा’वर. मला म्हणाले, भूगोल, कुठलं बरं वाटतंय? मी म्हटलं, धोंडिबावर.

मैदानाच्या दोन दिवस आधी अध्यक्ष दादासाहेबांनी सरांना ऑफिसात बोलावलं. दादासाहेब म्हणजे थोरल्या आबांचे चिरंजीव. ते कधी कुणाला दम देत नसत, त्यांना गरज नव्हती. सर थोड्याच वेळात बाहेर आले आणि तडक मैदानावर जाऊन पोरांना कवायतीला उभं केलं. आत काय झालं ते त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. “नावाचा इषयच काढला न्हाई त्यांनी. चहा दिला. आन् इचारलं, सर, अस्लमचं काय करायचं?” अस्लम त्यांचा थोरला. बी.एड. होऊन घरी बसलेला. शिक्षणसेवकांच्या जागा निघाल्या होत्या आणि आमच्या संस्थेत हिंदीची एक जागा होती. “म्या म्हणलं, आपली किरपा. ते म्हणले, बघू, रविवार होऊन जाऊ द्या. एवढंच.”

रविवारी माळावर अमाप माणूस लोटलं. किसनभाऊ पहिल्या रांगेत बसले होते. नवा पांढरा सदरा, घडी न मोडलेला. शेजारी लेक. शर्यती झाल्या, ढाली वाटून झाल्या. सूर्य कलला होता. सरांनी माइकवरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, “आजवर आमच्या मोजणीत पहिली जागा रिकामी होती. आज ती भरत आहे.” मी किसनभाऊंकडं बघत होतो. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

आणि सरांनी थोरल्या आबांचं नाव घेतलं. पुरं घेतलं, वडिलांच्या नावासह, गावासह.

गुलाल उडाला, हलगी वाजायला लागली. दादासाहेब वडिलांच्या वतीनं फेटा स्वीकारायला उभे राहिले. आणि तिथं दुसराच एक रिवाज आडवा आला, ज्याचा सरांनीही विचार केला नव्हता. मानाचा फेटा आमच्याकडं पाहुण्यानं नाही, ड्रायव्हरनं बांधायचा. हजर असलेल्यांतला सगळ्यांत जुना ड्रायव्हर असेल त्यानं. रावबा वारला होता, तुळशीराम वयानं लहान. कमिटीतला कुणीतरी सरांच्या कानाशी लागला. सरांनी मान हलवून नाही म्हटलं. तो पुन्हा कानाशी लागला. दादासाहेब हात जोडून ताटकळत उभे होते.

सरांनी माइक तोंडाशी धरला. “मानाचा फेटा बांधण्यासाठी ज्येष्ठ ड्रायव्हर किसन धोंडिबा सोनवणे, खुटबाव, यांनी व्यासपीठावर यावे.”

धोंडिबावर जोर होता. सवयीनं आला असेल.

लेकीनं किसनभाऊंचा सदरा धरला. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला, उठले, पायऱ्या चढून वर गेले. फेट्याचं कापड घेतलं, एक टोक दातात धरलं आणि बांधायला लागले. असा नेटका फेटा त्या स्टेजवर आधी कुणी बांधला नव्हता. चहूकडून फोटो निघत होते. दादासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या सत्काराकडं वळले.

मी माइकच्या जवळच उभा होतो. खाली उतरताना किसनभाऊ सरांपाशी क्षणभर थांबले. “नाव पुरं घेतलंत सर,” म्हणाले. “बापासकट.” टोमणा असता तर बरं झालं असतं. आवाजात टोमणा नव्हता. बोलल्या शब्दाची नोंद घेतात तसं ते म्हणाले आणि निघून गेले. लेक आधीच दोरीच्या बाहेर जाऊन उभी होती.

मला सरांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजून गेलेला नाही. पोराची नोकरी काय असते ते मलाही कळतं, माझीही पोरं आहेत. पण एवढी वर्षं जागा धरून ठेवायची आणि ऐन वेळी रुमाल उचलून दुसऱ्याला बसवायचं, त्यापेक्षा ती धरलीच नसती तर म्हातारा सुखानं कांद्याच्या पिशव्या शिवत बसला असता. हे मी सरांना एकदा बोललोही. ते म्हणाले, “बरोबर हाय.” भांडले असते तर मला हलकं वाटलं असतं.

अस्लमला ऑर्डर मिळाली. पोरगा गुणी निघाला, हिंदी चांगलं शिकवायचा. स्टाफरूममध्ये बापाशेजारच्या खुर्चीवर बसायचा आणि बापाचा डबा उघडून द्यायचा. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, ठाऊक व्हायचं कारणही नव्हतं. सर त्याच्याकडं बघत जेवायचे.

नंबर देणं मात्र सरांनी सोडलं. क्लार्क सवयीनं विचारायचा, आता नव्या ड्रायव्हरांत कोण? सर म्हणत, “सगळे चांगलेच हायेत.” भेळ कुठली घ्यायची? “कुठली बी घे.” नवे हेडमास्तर आले, त्यांनाही नंबर मिळाला नाही. पुढच्या हंगामात सरांचा घसा बसला आणि बसलाच. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं, असं ते सांगायचे. निवेदन सुटलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी नव्या पी.टी. शिक्षकाला दिली.

आवाज गेला, पण तो कॅसेटमध्ये राहिला होता. त्या काळी मोठ्या मैदानाचं निवेदन टेप करून यात्रेत विकायचे लोक. थोरल्या आबांच्या मैदानाची कॅसेट तर सगळ्यांत खपली. वडापच्या जीपमध्ये, रसवंतीवर, ट्रॅक्टरवर, कुठंही ती लागलेली असायची.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका जीपमध्ये. शिरूरहून मी परत येत होतो, मागं कोंबून बसलेलो. न्हावऱ्याला सर चढले, कवठ्याहून येत असावेत. गळ्याला मफलर, चांगलेच थकलेले. वय बघून ड्रायव्हरनं त्यांना पुढं आपल्या शेजारी घेतलं. मागं मी आहे हे त्यांनी पाहिलं नाही आणि गर्दीत मलाही हाक मारता आली नाही. केडगाव मागं पडल्यावर ड्रायव्हरनं कॅसेट बदलली. हलगी वाजली आणि मुलाणी सरांचा जुना, खणखणीत आवाज जीपभर घुमला. आजवर आमच्या मोजणीत पहिली जागा रिकामी होती.

ड्रायव्हर पंचविशीचा पोरगा. मान डोलवत म्हणाला, “काय आवाज हाय, आजोबा. आसा निवेदक आता न्हाई.”

सर समोर रस्त्याकडं बघत होते.

कॅसेटमध्ये थोरल्या आबांचं नाव झालं, गुलाल उडाल्याचा गलका झाला. मग किसन धोंडिबा सोनवणे, खुटबाव. पोरगा म्हणाला, “हे सोनवणे फेटा लई भारी बांधायचे म्हणं. माझ्या भावाच्या लग्नात बोलवाया गेल्तो आमी. तर कळलं, वारले.”

सर काहीतरी म्हणाले. बसलेल्या आवाजामुळं पोराला ऐकू गेलं नाही. त्यानं कॅसेट जरा बारीक केली. “काय म्हणलात?”

“ते ड्रायव्हर होते,” सर म्हणाले. माइकवरचं, छापील मराठी. “छकडीचे. पहिल्या नंबरचे.”

पोरगा हसला. उर्मट नव्हता, म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसा हसला. “न्हाई ओ आजोबा, पहिला नंबर थोरल्या आबांचा. आत्ता ऐकलं न्हाई का? मुलाणी सर सोता सांगत्यात. त्यांच्यापरीस तुमाला जास्त ठाऊक हाय का?” आणि त्यानं आवाज पुन्हा मोठा केला.

चौफुला आलं तसं सरांनी खिडकीच्या पत्र्यावर थापटलं. जीप थांबली. त्यांना वरवंडला जायचं होतं, ते अजून पुढं होतं. पोरगं तसं म्हणालंही. सर खाली उतरले, मफलर सारखा केला आणि हमरस्त्याच्या कडेनं वरवंडच्या दिशेनं चालायला लागले. आमची जीप त्यांना ओलांडून पुढं गेली. कॅसेट चालूच होती.